कोर्टात बोलायचं कसं? आवाज, वेग, कागद आणि सर्किट बेंचचं इंग्रजी

बिंदू_चौक
वकिली करणाऱ्या, विशेषतः पहिल्या पाच-सात वर्षांतल्या मंडळींसाठी हा धागा. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात सीपीआर रुग्णालयाजवळच्या जुन्या कोर्टाच्या इमारतीत मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच, म्हणजे फिरतं खंडपीठ, बसू लागलं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग असे सहा जिल्हे त्याला जोडले. म्हणजे आज कसबा बावड्याच्या जिल्हा कोर्टात मराठीत साक्षीदार तपासायचा आणि उद्या शहरात येऊन इंग्रजीत दुसरं अपील मांडायचं. कायदा येतो, फाईल पाठ असते, पण उभं राहिलं की वेग वाढतो, आवाज चढतो, पान सापडत नाही. कोर्टाने मध्येच काही विचारलं की पुढचं सगळं विस्कटतं.

जाणकारांनी नेमकं लिहावं: कागद कसा तयार करायचा, किती वेगाने बोलायचं, आवाज कसा टिकवायचा, इंग्रजीचं काय करायचं. ‘आत्मविश्वास ठेवा’ आणि ‘आरशासमोर बोला’ हे दोन्ही ऐकून झालंय.

निशाणी_पाच
आरसा आधीच निकालात काढलात ते बरं केलंत. त्याच्यासमोर बोलून माणूस स्वतःकडे बघायला शिकतो. कोर्टात नजर लागते न्यायाधीशांवर, कागदावर आणि टंकलेखकावर.

पहिलं काम म्हणजे कॉलेजातल्या वक्तृत्व स्पर्धा विसरायच्या. तिथे सुरुवातीला श्लोक किंवा शेर, मध्ये उदाहरणं आणि शेवटी टाळीचं वाक्य. तिथे ऐकणाऱ्याला तुम्ही कुठे चाललाय हे माहीत नसलं तरी चालतं, किंबहुना तीच गंमत असते. कोर्टात ऐकणाऱ्याच्या हातात फाईल असते, दुसऱ्या हातात पेन असतं आणि बोर्डावर, म्हणजे त्या दिवसाच्या यादीत, अजून पन्नास मॅटर असतात. त्यांना पहिल्या अर्ध्या मिनिटात चार गोष्टी हव्यात: मॅटर कोणत्या टप्प्यावर आहे, तुम्ही कुणाकडून, मागताय काय, आणि कोणतं पान उघडायचं.

निशाणी ५ च्या अर्जाचं उदाहरण घ्या (निशाणी म्हणजे कोर्टाने कागदाला दिलेला क्रमांक). असं सुरू करायचं:

“वादीतर्फे. निशाणी ५, तात्पुरत्या मनाईचा अर्ज. वाद गटाच्या पूर्वेकडच्या वीस गुंठ्यांपुरता आहे. ताबा वादीचा आहे हे तीन कागदांवरून दिसतं: पीकपाहणी, पाणीपट्टीच्या पावत्या आणि कारखान्याची ऊसबिलं. पहिला कागद, निशाणी ३ ची यादी, अनुक्रमांक ४.”

एवढं बोलून गप्प. न्यायाधीशांचं बोट त्या कागदावर गेल्याशिवाय पुढचं वाक्य नाही. बहुतेक जण इथेच घोळ करतात. पान सांगतात आणि त्याच श्वासात वाचायला लागतात. कोर्ट पान शोधत असतं तेव्हा तुमचं बोलणं कुणी ऐकत नसतं. ते चांगलं वाक्य वाया गेलं, आणि पुन्हा बोललात तर पुनरुक्ती केली असं वाटतं.

क्रम कायम हाच ठेवा: पान, थांबा, परिच्छेद, थांबा, आता वाचा. वाचून झाल्यावर एका वाक्यात त्याचा अर्थ. तो सांगितला नाही तर कोर्ट स्वतःचा अर्थ काढतं, आणि तो तुमच्या बाजूचा असेलच असं नाही.

मनाई मिळवायला दाखवावी लागणारी प्रथमदर्शनी केस, सोयीचा तोल आणि भरून न येणारं नुकसान या तिन्हींना सारखा वेळ द्यायची गरज नाही. ताब्याच्या वादात तीन चतुर्थांश वेळ पहिल्यावर जातो. बाकीच्या दोन्हींना दोन-दोन वाक्यं पुरतात.

करवीरकर
हे सगळं ठीक आहे साहेब, पण मागे पक्षकार बसलेला असतो त्याचं काय? गावाकडनं दोन एसट्या बदलून आलेला माणूस. वकील हळू, शांत, थांबत थांबत बोलायला लागला की त्याला वाटतं आपला वकील दबला. समोरचा गरजतोय आणि आपला कुजबुजतोय. फी कोण देणार?

निशाणी_पाच
करवीरकर, मुद्दा खरा आहे, पण त्यावरचा उपाय कोर्टाबाहेर आहे. सुनावणीआधी पक्षकाराला दोन मिनिटं द्या: “आज मी तीन कागद दाखवणार आहे. कोर्टाने ते उघडून बघितले की आपलं काम झालं.” मग तो आवाजाऐवजी कागद मोजत बसतो. बाहेर आल्यावर तिन्ही कागद उघडले गेले हे त्याला दाखवून द्यायचं. समोरच्याच्या गर्जनेला गर्जनेने उत्तर दिलं तर दोघांचंही ऐकू जात नाही, आणि वैतागलेलं कोर्ट तारीख देऊन मोकळं होतं.

टंकलेखक_बावडा
साक्षीच्या वेळी वेगाचा प्रश्न फार गंभीर असतो, पण वकिलांना त्याचा पत्ता नसतो. म्हणून थोडं हिशेबात लिहितो.

मराठी टंकलेखनाची शासकीय परीक्षा मिनिटाला ३० आणि ४० शब्दांची असते. साक्ष थेट संगणकावर उतरते तेव्हा खरा वेग त्याच्याच आसपास. तुम्ही बोलता मिनिटाला सव्वाशे-दीडशे शब्द. पंधरा शब्दांचा प्रश्न तुमच्या तोंडून सहा-सात सेकंदांत निघून जातो. त्यावरचं उत्तर न्यायाधीश वाक्यात बसवून सांगतात आणि ते कागदावर यायला अर्धा मिनिट लागतं. त्या अर्ध्या मिनिटात तुम्ही पुढचा प्रश्न टाकलात की तीन गोष्टी होतात. न्यायाधीशांचं सांगणं तुटतं. साक्षीदार आधीच्या उत्तरात दुरुस्ती करून घेतो. आणि तुम्हाला हवा असलेला नेमका शब्द गळतो. नक्कल हातात आल्यावर मग “असं बोललाच नव्हता” म्हणून ओरड.

दिवाणी दाव्यात साक्ष सहसा प्रश्नोत्तरांत न लिहिता सलग निवेदनासारखी लिहिली जाते. एखादं उत्तर शब्दशः हवं असेल तर तो प्रश्न आणि ते उत्तर तसंच्या तसं नोंदवण्याची विनंती तिथल्या तिथे करा. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश १८ नियम १० मध्ये ती सोय आहे. उत्तर लिहून झाल्यावर केलेल्या विनंतीला अर्थ नसतो.

दुसरं, प्रश्नात नकार घालू नका. “तुम्ही तिथे नव्हता, हे खरं ना?” असं विचारलं आणि साक्षीदार “नाही” म्हणाला तर कागदावर येतं: “मी तेथे नव्हतो हे म्हणणे खरे नाही.” अपिलात हे वाक्य वाचताना तीन माणसं तीन अर्थ काढतात. सरळ विचारा: “त्या दिवशी तुम्ही इचलकरंजीत होता?” उत्तर हो येवो वा नाही, कागद स्वच्छ राहतो.

आणि पडद्यावर कर्सर हलायचा थांबला की मगच पुढचा प्रश्न. एवढं एक पाळलं तरी निम्मं काम होतं.

उलटतपास
वरच्याला जोडून.

एका प्रश्नात एकच गोष्ट. “संध्याकाळी सात वाजता रंकाळ्यावर अंधार होता, तुम्ही पन्नास फुटांवर होता आणि आरोपीला आधी ओळखत नव्हता, बरोबर?” हा प्रश्न नाही, गाठोडं आहे. साक्षीदार “नाही” म्हणतो आणि नेमकं काय नाकारलं ते कळत नाही. तोडा: वेळ सातची. दिवा लांब होता. अंतर पन्नास फूट. आरोपीला त्या दिवशीच पहिल्यांदा पाहिलं. चार प्रश्न, चार उत्तरं. उलटतपासात सूचक, म्हणजे उत्तर सुचवणाऱ्या, प्रश्नाला मुभा आहे, तेव्हा विधानच करा आणि शेवटी आवाज किंचित वर न्या. “का?” आणि “कसं?” हे दोन शब्द तोंडातून गेले की साक्षीदाराला भाषण करायला परवाना मिळतो.

विसंगती दाखवायची असेल तर तिथे अजिबात घाई नको. पोलिसांसमोरच्या जबाबातला भाग आधी पेन्सिलने चौकटीत घ्या. साक्षीदाराचं लक्ष नेमक्या त्याच भागाकडे वेधावं लागतं (भारतीय साक्ष्य अधिनियम कलम १४८, जुन्या पुरावा कायद्याचं १४५). तो भाग शब्दशः आणि सपाट सुरात वाचा. नाट्य घातलंत की साक्षीदार सावध होतो आणि सरकारी वकील उभे राहतात. मग त्या भागाला ‘पोर्शन मार्क ए’ अशी खूण करून घ्यायची, आणि तोच मजकूर तपासी अंमलदाराकडून सिद्ध करून घ्यायची आठवण टिपणात मोठ्या अक्षरात. साक्षीदाराला वाचून दाखवला म्हणजे झालं असं समजून पुढचं अर्धं काम राहून जातं.

सुराबद्दल एक. अपमान करायला, त्रास द्यायला विचारलेला किंवा विनाकारण बोचऱ्या भाषेतला प्रश्न कोर्टाने रोखायचा असतो, नवीन कायद्यात कलम १५५. प्रश्न योग्य आणि सूर बोचरा असं झालं की तो योग्य प्रश्नही हातचा जातो. पंच म्हातारा असेल, बाई असेल, शेतकरी असेल तर “अहो काका”, “ताई” एवढ्याने उत्तरं लांबत नाहीत, उलट लवकर मिळतात.

करवीरकर
“गाठोडं” आवडलं. आमच्याकडे काहींची ट्रंकच असते.

रंकाळा_काठ
मी वाचा-उपचार करते, वकील नाही. आवाजाबद्दल लिहिते.

उभं राहिल्यावर वेग का वाढतो याचं कारण बहुतेकदा श्वासात असतं. ताण आला की श्वास छातीच्या वरच्या भागात आणि उथळ होतो. हवा कमी, म्हणून वाक्य संपवायची घाई. घाई झाली की श्वास घ्यायला जागा नाही, आणि चक्र सुरू. “हळू बोल” असं स्वतःला बजावून ते तुटत नाही. थांबायच्या जागा ठरवल्या की तुटतं.

त्यात मराठीची एक अडचण आहे, तिच्याकडे कुणी लक्ष देत नाही. आपल्या वाक्यात क्रियापद शेवटी येतं आणि नकार त्याच्याही नंतर. “प्रतिवादीने खरेदीपत्रावर सही केलेली नाही.” श्वास संपत आलेला असतो नेमका “नाही”वर. तो पुटपुटला जातो आणि दहा फुटांवर ऐकू येतं “सही केलेली”. केसचा सगळा जीव त्या शेवटच्या शब्दात! सरावासाठी नकाराने संपणारी दहा वाक्यं लिहा, मोबाईल खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवून ध्वनिमुद्रण करा आणि शेवटचा शब्द पहिल्याइतकाच स्पष्ट येतो का ते ऐका. येत नसेल तर वाक्य लांब आहे. बारा-चौदा शब्दांच्या पुढे गेलं की मध्ये श्वास घ्या, आणि तो ‘की’ किंवा ‘म्हणून’च्या आधी घ्या, नंतर नाही.

सुनावणीच्या दिवसाचा आवाज तयार करायला पाच मिनिटं पुरतात. पेल्यात निम्मं पाणी घ्या, साध्या नळीचं टोक दोन-तीन सेंटिमीटर बुडवा आणि नळीतून ‘ऊ’ म्हणत एकसारखे बुडबुडे काढा. आधी एकाच सुरात, मग खालून वर आणि वरून खाली. दोन-तीन मिनिटं. घशात ताण जाणवला तर पाण्याची खोली कमी करा. त्यानंतर ओठ फुरफुरवत एक मिनिट, आणि शेवटी पहिली चार वाक्यं बोलण्याच्या नेहमीच्या आवाजात. स्वरयंत्रावर कमी भार टाकून आवाज मोकळा करायची ही पद्धत आहे. गायकही वापरतात.

घसा खाकरू नका. खाकरलं की स्वरतंतू एकमेकांवर आपटतात, सूज येते, चिकटा वाढतो आणि पुन्हा खाकरावंसं वाटतं. त्याऐवजी घोटभर पाणी किंवा नुसता आवंढा. कुजबुजणंही विश्रांती नव्हे. बसलेल्या आवाजाने जोरात कुजबुजलं तर ताण वाढतोच. बँड आणि कॉलर इतकी सैल हवी की आत दोन बोटं जातील. गळपट्टी आवळली की स्वरयंत्र वरखाली होत नाही आणि आवाज चिरका येतो.

आता खाण्याचं. ज्यांना आंबट ढेकर येतात, सकाळी आवाज जड असतो, त्यांनी युक्तिवादाच्या सकाळी कटाची मिसळ टाळावी. पोटातलं आम्ल घशापर्यंत आलं की आवाज खरखरीत होतो. कोल्हापुरात हे लिहिणं धाडसाचं आहे याची कल्पना आहे. बाकीच्यांनी खुशाल खावी, फक्त उभं राहण्याच्या दोन-अडीच तास आधी. तीन आठवड्यांपेक्षा जास्त दिवस आवाज बसलेला राहिला तर गुळण्या पुरे, कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जाऊन स्वरयंत्र बघून घ्या. तंबाखू खाणाऱ्यांनी तर तेवढंही थांबू नये.

बिंदू_चौक
ताई, हे फारच कामाचं. एक विचारतो: आवाज मोठा करायचा असेल तर?

रंकाळा_काठ
मोठा करण्याआधी पुढे आणा. तोंड थोडं जास्त उघडा, हनुवटी फाईलमध्ये घालू नका, व्यंजनं पूर्ण उच्चारा. खाली बघून वाचताना आवाज टेबलावर पडतो. कागद छातीच्या उंचीवर धरा, किंवा वाचून मान वर करा आणि मग बोला. जुन्या, उंच छताच्या खोलीत आवाज घुमतो. तिथे मोठा आवाज उलट अस्पष्ट होतो, वेग कमी करणं हाच मार्ग. पंखे आणि गर्दीचा गलका असेल तर ओरडण्यापेक्षा दोन पावलं पुढे सरका.

मूळ_प्रत
आकडे! यावर कुणीच लिहिलं नाही, आणि महसुली वादात युक्तिवाद म्हणजे आकडेच असतात.

एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी. त्रेसष्ट, सदुसष्ट, अडुसष्ट. वेगात बोलल्यावर यातला फरक कानाला कळत नाही. पान नंबर आणि गट नंबर एकदा पूर्ण आणि एकदा सुटा सांगा: “पान एकोणसत्तर, सहा-नऊ.” इंग्रजीत थर्टीन-थर्टी, फिफ्टीन-फिफ्टी यांचा तोच गोंधळ, तिथे “वन-फाइव्ह” म्हणा. तारखेत महिन्याचं नाव घ्या. “सात-सहा” म्हटल्यावर सात जून की सहा जुलै असा प्रश्न कोर्टाला पडायला नको. फेरफार नंबर, गट नंबर आणि निशाणी एकाच वाक्यात आणू नका, एका वाक्यात एकच क्रमांक. क्षेत्र सांगताना हेक्टर-आर की गुंठे ते सुरुवातीला ठरवा आणि शेवटपर्यंत तेच ठेवा. मध्येच एकर आला की ऐकणारा गुणाकार करत बसतो.

टिपणाचा कागद: ए-फोर, एका बाजूला, उभा दुमडून दोन रकाने. डावीकडे फक्त पान नंबर, ठळक. उजवीकडे तीन-चार शब्द, पूर्ण वाक्य नाही. पूर्ण वाक्य लिहिलं की डोळे तिथे चिकटतात आणि बोलणं वाचनासारखं सपाट होतं. पूर्ण लिहायची वाक्यं दोनच, पहिलं आणि शेवटचं, मागणीचं. अक्षर इतकं मोठं की टेबलावर ठेवून उभ्याने वाचता यावं. मोबाईलवर टिपण नको. पडदा विझतो, आणि वकील मेसेज बघतोय असं वाटतं ते वेगळंच.

सहावा_जिल्हा
कुडाळहून. सर्किट बेंचच्या इंग्रजीबद्दल कुणी लिहील का? आमच्याकडे चांगले चांगले दिवाणी वकील त्याच एका भीतीने मॅटर दुसऱ्याला देतायत.

निशाणी_पाच
राज्यघटनेच्या अनुच्छेद ३४८ मुळे उच्च न्यायालयाचं कामकाज इंग्रजीत. तेव्हा टाळता येणार नाही, पण भीती आहे तेवढं इंग्रजी तिथे लागतही नाही.

उच्चार ऑक्सफर्डचा नसला तरी काही बिघडत नाही. बिघडतं ते मनात मराठी वाक्य जुळवून ते इंग्रजीत फिरवताना. मराठीत क्रियापद शेवटी, इंग्रजीत ते दुसऱ्या जागी, त्यामुळे मधेच अडकायला होतं आणि ती फट “अॅक्च्युअली”, “बेसिकली”, “सो मिलॉर्ड” यांनी भरली जाते. उपाय असा: टिपण पहिल्यापासून इंग्रजीतच काढा, मराठीत काढून भाषांतर करू नका. आणि रोज लागणारी तीस-चाळीस वाक्यं तोंडात बसवा. “आय अॅपिअर फॉर द अपेलंट.” “काइंडली टर्न टू पेज सिक्स्टी-नाइन, पॅरा फोर.” “द फाइंडिंग इज अॅट पेज सो अँड सो.” “मे आय टेक इन्स्ट्रक्शन्स?” “आय शॅल आन्सर दॅट फर्स्ट.” छोटी, पूर्ण वाक्यं. एका वाक्यात एकच क्रियापद ठेवलं तर व्याकरण चुकायला जागाच कमी.

तारखांची यादी रोज मोठ्याने इंग्रजीत वाचा. खरेदीपत्र, नोंद, दावा, निकाल, अपील, सगळं सनावळीने. फाईल डोक्यात बसते आणि जीभही वळते.

दुसऱ्या अपिलात मांडणीचा क्रम जिल्हा कोर्टाच्या उलट असतो. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १०० खाली कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न दाखवल्याशिवाय पुढे जाता येत नाही. तिथे साक्षीपुराव्याची गोष्ट पहिल्यापासून सांगत बसलात तर दोन मिनिटांत “क्वेश्चन ऑफ लॉ काय?” असा प्रश्न येतोच. तेव्हा सुरुवात: खालच्या दोन्ही निकालांत एकमत आहे की फरक, प्रश्न एका वाक्यात, तो उद्भवतो त्या निकालाचं पान. तिन्ही मिळून दीड मिनिट. निकालांत एकमत असेल तर ते लपवू नका. स्वतःच सांगा आणि लगेच कोणता पुरावा वाचलाच गेला नाही किंवा कोणती तरतूद चुकीची लावली ते दाखवा.

मराठी कागद वाचायचा असेल तर मूळ पान आणि भाषांतराचं पान दोन्ही टिपणात शेजारी शेजारी हवीत. भाषांतर चुकीचं असलं की तिथेच वाद अडतो, म्हणून ते आदल्या रात्री मुळाशी ताडून बघा.

कोर्टाने प्रश्न विचारला की आपलं वाक्य तिथेच सोडा, अर्धं असलं तरी. प्रश्न पूर्ण होऊ द्या. एक श्वास. आधी हो किंवा नाही, मग पान, मग कारण. “त्याच्याकडे मी येतोच आहे” हे उत्तर नव्हे. कोर्टाला जिथे शंका आहे तिथे जायचं सोडून तुम्ही आपल्या क्रमाला चिकटता, आणि पुढचं काहीही ऐकलं जात नाही. उत्तर माहीत नसेल तर माहीत नाही, बघून दुपारनंतर सांगतो म्हणा. रेकॉर्डवर नसलेली गोष्ट अंदाजाने सांगितली आणि समोरच्याने पान उघडून दाखवलं, तर त्या दिवसापुरतं तुमचं बाकीचं खरंही संशयात जातं.

उलटतपास
निवाडे वाचण्याबद्दल दोन ओळी. आधी तत्त्व तुमच्या शब्दांत, मग निवाडा, मग परिच्छेद क्रमांक, मग फक्त पाच-सहा ओळी वाचा. हेडनोट, म्हणजे निवाड्याच्या वर छापलेला सारांश, वाचू नका. किती न्यायाधीशांचं पीठ होतं आणि तो निवाडा नंतर फिरवला गेलाय का, हे उभं राहण्याआधी बघितलेलं असावं. एका मुद्द्यावर एक निवाडा पुरतो. पाच दिलेत तर समोरचा त्यातला सगळ्यात कच्चा उचलतो.

करवीरकर
आणि ‘माय लॉर्ड’ म्हणायचं की नाही?

मूळ_प्रत
बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००६ च्या नियमाप्रमाणे उच्च आणि सर्वोच्च न्यायालयात ‘युवर ऑनर’ किंवा ‘ऑनरेबल कोर्ट’, खालच्या कोर्टात ‘सर’ किंवा स्थानिक भाषेतला तसाच शब्द. प्रत्यक्षात उच्च न्यायालयांत ‘माय लॉर्ड’ अजून सर्रास चालतं. काहीही म्हणा, पण प्रत्येक वाक्याच्या दोन्ही टोकांना नको. दर तीन शब्दांनी आलं की ते ‘अं’सारखंच ऐकू येतं.

सहावा_जिल्हा
सराव कसा करायचा? ज्युनिअरला रोज उभं राहायला मिळत नाही.

टंकलेखक_बावडा
बसून बघा. कुणाचंही मॅटर चालू असताना मागे बसून फक्त एवढं टिपा: वकिलाने पान सांगितलं की कोर्टाने उघडलं का, आणि उघडायच्या आत तो बोलायला लागला का. कुठे काय बिनसतं ते एका दुपारीत दिसतं.

निशाणी_पाच
घरी करायचं ते असं. एकच मुद्दा तीन मापांत तयार करा: दोन मिनिटं, पाच मिनिटं, बारा मिनिटं. नेहमी दोनपासून सुरू करा. बारा मिनिटांचं कापून दोनचं करायला गेलात की नेमकं हाडच कापलं जातं. बोर्ड भरलेला असतो तेव्हा दोनचंच चालतं.

दोन मिनिटांचं मोबाईलवर ध्वनिमुद्रित करा आणि ऐकून शब्दशः लिहून काढा, ‘अं’ आणि ‘म्हणजे’सकट. कंटाळवाणं आहे, पण कुठे अडखळायला होतं हे कागदावर दिसतं, आणि ते बहुतेकदा मुद्दा स्वतःलाच पक्का नसतो त्या जागी असतं. तिथे वक्तृत्व सुधारून उपयोग नाही, फाईल पुन्हा वाचायची. मग शब्द मोजा. मिनिटाला शंभर-एकशेदहाच्या वर मराठी शब्द गेले तर कोर्टाला टिपण घेता येत नाही. शेवटी घरातल्या कुणाला तरी, वकील नसलेल्या, तेच ऐकवा आणि एकच विचारा: “मी काय मागितलं?” बरोबर सांगता आलं तर ठीक. नाही आलं तर पहिली तीन वाक्यं बदला.

लॉ कॉलेजचा मूट कोर्ट (सरावाचं लुटुपुटीचं कोर्ट) मंच यासाठी चांगला, एवढंच की तिथे परीक्षकांना खूश करायची लागलेली सवय नंतर सोडावी लागते.

रंकाळा_काठ
मूट असो की बेंच, समोर माईक असेल तर तोंडापासून वीतभरापेक्षा थोडं कमी अंतर ठेवा, साधारण पंधरा-वीस सेंटिमीटर, आणि माईक ओठांच्या थोडा बाजूला. अगदी समोर ठेवला की ‘प’, ‘फ’, ‘भ’ फुटतात. फाईल चाळताना मान फिरते आणि आवाज माईकबाहेर जातो, म्हणून पान आधी उघडा, मग बोला. ऑनलाईन हजर असाल तर ऐकू यायला किंचित उशीर होतो. वाक्य संपल्यावर दोन सेकंद थांबला नाहीत तर कोर्टाच्या प्रश्नावर तुमचं बोलणं चढतं. तारेचा इअरफोन बरा, बॅटरी दगा देत नाही.

बिंदू_चौक
शेवटचं एक. लेखी युक्तिवाद देणार असू तर तोंडी नेमकं काय बोलायचं? दोन्ही सारखं झालं तर कोर्ट म्हणतं, “लेखी दिलंय ना, बसा.”

मूळ_प्रत
दिवाणीत आदेश १८ नियम २(३अ) प्रमाणे तोंडी युक्तिवाद संपायच्या आत, कोर्टाने परवानगी दिली तर, थोडक्यात आणि वेगवेगळ्या मथळ्यांखाली लेखी युक्तिवाद देता येतो. प्रत समोरच्याला त्याच वेळी द्यायची. त्यासाठी म्हणून सहसा तारीख मिळत नाही. फौजदारीत भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३५२ तसंच आहे, आणि तोंडी युक्तिवाद लांबला किंवा भरकटला तर त्याला आवर घालायचा अधिकारही तिथेच कोर्टाला दिलाय.

वाटणी अशी करा. तारखा, निवाड्यांची पूर्ण यादी, प्रत्येक मुद्द्यावरचे निशाणी क्रमांक, हिशेब आणि क्षेत्राचे तक्ते हे सगळं लेखीत. तोंडी फक्त जिथे दोन साक्षीदारांत विसंगती आहे ते, जिथे कागदाचा अर्थ लावायचा आहे ते, आणि समोरच्याच्या सगळ्यात जोरकस मुद्द्याचं उत्तर. लेखीतल्या मथळ्यांना क्रमांक द्या आणि बोलताना तेच क्रमांक वापरा: “मुद्दा ३, लेखीत पान ५.” निकाल लिहिताना तो कागद समोर असतो आणि तुमचं बोलणं आठवायला त्याचाच आधार होतो. लेखी दहा पानांच्या वर नको, आणि पहिल्या पानावर मागणी.